जुनी गाडी आणि पीयूसी : तुमचे अनुभव सांगा (इंदूर आणि आसपास)

रेवा_राजेंद्रनगर
मंडळी, आमची २००६ ची वॅगनआर, एमपी ०९ ची, पंधरा वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू करून घेतलेली, ती परवा पीयूसीला (धुराच्या तपासणीला) नापास झाली. मला वाटलं केंद्रवाला पैसे काढायला बघतोय, पण त्याने सरळ रिजेक्शन स्लिप काढून हातात ठेवली. २०२१ पासून ही स्लिप नियमातच आहे, हे पण तिथेच कळलं. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.४ टक्के, मर्यादा ०.५. एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) ३१०, त्याची मर्यादा ७५०, म्हणजे तिथे काही अडचण नाही. गाडी चालायला मस्त आहे हो, धूर नाही, खडखड नाही. मेकॅनिक म्हणतो विकून टाका, बाबा म्हणतात विकायची नाही म्हणजे नाही. आणि पीयूसीशिवाय फिरवायची तर कायद्यात दंड दहा हजारापर्यंत. तर ज्यांनी जुनी गाडी पास करून घेतलीये, कार असो, चेतक असो, डिझेल असो, त्यांनी नक्की काय काय केलं ते लिहा. "बिना चेकिंगचं कुठे मिळतं" ते नको, ते मला पण माहितीये.

पीथमपूरचे_काका
रेवा, कारबद्दल दुसरे सांगतील, मी कायनेटिक होंडाचं सांगतो. आमची १९९४ ची, इथे पीथमपूरलाच बनलेली, त्यामुळे सूनबाई कितीही बोलली तरी घरातून जाणार नाही. टू स्ट्रोक आहे, ३१ मार्च २००० च्या आधीची, म्हणून तिला सूट भरपूर आहे, सीओ ४.५ टक्के आणि एचसी ९००० पर्यंत चालतं. तरी एचसीत लटकली. कारण काय, तर हिच्यात ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप आपला आपण ऑइल पाठवतो, त्या पंपाची केबल कोणीतरी "इंजिन सेफ राहील" म्हणून ताणून ठेवलेली, गरजेपेक्षा जास्त ऑइल जळत होतं. पंपाच्या लिव्हरवर खूण असते, ती खुणेला खूण लावून घेतली.

मग सायलेन्सर. हे काम घरीच करण्यासारखं आहे पण जपून. सायलेन्सर काढून बादलीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला, सकाळी आतून काळा चिखल निघाला, वास असा की शेजारच्या जोशीण बाई खिडकी लावून बसल्या. हातात रबरी मोजे पाहिजेतच, आणि ॲल्युमिनियमचा कुठलाही पार्ट त्या पाण्यात जाता कामा नये, खाऊन टाकतं. सिलेंडरच्या एक्झॉस्ट पोर्टवरचा कार्बन मात्र लाकडी पट्टीने खरवडायचा, पिस्टन खाली घेऊन, स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. प्लग नवीन टाकला. नंतर एचसी ४ हजारांच्या घरात आलं. पिकअप पण सुधारला, तो फायदा वेगळाच.

सुमित_गॅरेज_मालवामिल
ताई, तुमच्या स्लिपमध्येच उत्तर आहे, लोक पास-नापास बघतात आणि कागद फेकून देतात. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय. एचसी जास्त आणि सीओ ठीक, तर पेट्रोल न जळताच बाहेर येतंय, म्हणजे प्लग, वायर, कॉइल, नाहीतर कॉम्प्रेशन. तुमचं पहिल्यातलं आहे. आधी एअर फिल्टर बघा, तो दहा मिनिटांचा खेळ. फिल्टर ठीक असेल तर ऑक्सिजन सेन्सर. आणि सेन्सर बदलायच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या जोडाचं) गास्केट बघा भिया, कारण सेन्सरच्या आधी कुठे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, तो ईसीएमला (गाडीच्या कॉम्प्युटरला) सांगतो, आणि ईसीएम अजून पेट्रोल ओततो. नवीन सेन्सर लावूनही तेच होणार. लोक सेन्सरचे पैसे घालतात आणि मग गाडीला शिव्या देतात.

अजून एक, गाडी गरम करून न्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा, साधारण २५०-३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय कामच करत नाही. घरातून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पीयूसीला नेली आणि लगेच पाइप घातला तर चांगली गाडी पण लटकते.

अवि_लोकमान्यनगर
हे गरम करण्याचं डिझेलला तर फारच खरं आहे. माझी २००८ ची इंडिका. तिला ऑपेसिटी, म्हणजे धुराचा दाटपणा मोजतात, बीएस ४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) च्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस ४ ला १.६२. माझी ३.१ आली. डिझेलमध्ये ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबतात आणि तेव्हाचा धूर धरतात, म्हणजे रोज शहरात दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या गाडीचा सायलेन्सरमध्ये साठलेला सगळा काजळ त्याच वेळी बाहेर. मी काय केलं, एअर फिल्टर नवीन टाकला आणि एका रविवारी खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे भेरूघाटापर्यंत गेलो, चढावर खालच्या गिअरमध्ये आरपीएम चढवून. पाठीमागे काळं ढग, बायको म्हणे मागचे लोक शिव्या देतायत. परत येताना धूर कमी. पण पास नाही झाली हो एवढ्याने, २.७ वर आली. शेवटी पंप-नोझलवाल्याकडे नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) टेस्टरवर लावले तेव्हा दिसलं की एक नोझल फवारा मारायच्या ऐवजी धार सोडतोय. तो बदलला, मग १.९.

घाटातली फेरी फुकट आहे म्हणून सगळे सांगतात, पण नोझल गेला असेल तर घाट काही करू शकत नाही.

खरं_बोलतो
तुम्ही लोक एवढी मेहनत का करता? माझ्याकडे तर नंबर प्लेटचा फोटो काढला, पाइप हातात घेतला, पाइप परत ठेवला, सर्टिफिकेट हातात. नाव सांगत नाही.

पीथमपूरचे_काका
आणि मग हवा खराब आहे म्हणून तूच ओरडणार.

मंजिरी_बडोदे
मी बडोद्याची, चालेल ना? माहेर इंदूरचं आहे म्हणून लिहितेय. आमची कार सीएनजीवर, बाहेरून किट बसवलेली आणि आरसीवर चढवलेली. पीयूसीला पेट्रोलवर आणि सीएनजीवर दोन्हीकडे बघितलं. सीएनजीवर एकदम स्वच्छ, पेट्रोलवर नापास, कारण पेट्रोलवर गाडी आम्ही चालवतच नव्हतो, टाकीत तळाला कधीचं पेट्रोल पडलेलं आणि इंजेक्टर चिकट झालेले. इंजेक्टर क्लीन करून घेतले, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. आता सकाळी सुरू करताना थोडा वेळ पेट्रोलवरच ठेवते.

अनघा_वैशालीनगर
आमचं गाडीचं काही नव्हतं, मोबाईलचं होतं. सासऱ्यांची स्कूटर, आता ते नाहीत, आणि रेकॉर्डला त्यांचा जुना बंद झालेला नंबर. केंद्रावरचा मुलगा म्हणाला नंबर चालू पाहिजे. गाडी नावावर करून घ्यायचं आम्ही टाळत होतो, मृत्यूचा दाखला, वारसांची कागदं वगैरे, पण शेवटी ते करावंच लागलं. ज्यांच्या घरी वडिलांच्या नावावर गाड्या आहेत त्यांनी निदान मोबाईल नंबर तरी आत्ताच अपडेट करून घ्या.

अवि_लोकमान्यनगर
आणि एक विचारायचं होतं, पीयूसी नसली तर इन्शुरन्स रिन्यू होत नाही ना?

सुमित_गॅरेज_मालवामिल
ती अट २०१७ ला कोर्टाने घातलेली, जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानेच काढली. पण इन्शुरन्स मिळतो म्हणून पीयूसी नको असं नाही, चलान वेगळं आहे.

रेवा_राजेंद्रनगर
अपडेट. सुमितदादा, फिल्टर स्वच्छ होता, गास्केट जळालेलं निघालं, मॅनिफोल्डच्या जोडापाशी काजळीची काळी रेघ दिसत होती, बॉनेट उघडून नीट पाहिलं असतं तर कोणालाही दिसली असती, मेकॅनिकलाही, ज्याने गाडी विका म्हटलं होतं. गास्केट बदललं, सेन्सर जुनाच ठेवला, बायपासला एक चक्कर मारून गाडी गरम असतानाच नेली. सीओ ०.२८, एचसी १६०. सर्टिफिकेट मात्र सहा महिन्यांचंच मिळालं, एक वर्ष बीएस ४ आणि पुढच्यांना असतं म्हणे. बाबा स्लिपचा फोटो सगळ्या नातेवाईकांना पाठवतायत. अविदादा, पंप-नोझलवाला नक्की कुठे बसतो ते टाका ना, शेजाऱ्यांची बोलेरो पण लाइनीत आहे.

अवि_लोकमान्यनगर
छावणीत. मेसेज करतो. शनिवारी जाऊ नका, ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी असते.