डिसेंबरात ठाण्याहून खाली, कॅम्परने

टोरांटोहून

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात नौपाड्याला आईबाबांकडे येतोय. तिथून कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन गोवा, जमलं तर गोकर्ण, असा बेत आहे. इकडून जानेवारीत आय-७५ हायवेने फ्लोरिडाला निघताना गाडीच्या पाइपांत पाणी गोठून ते फुटू नयेत म्हणून गुलाबी अँटिफ्रीझ भरावं लागतं आणि जॉर्जिया येईपर्यंत गाडीतले नळ बंद. तिकडे ती कटकट नाही. रोज चारशे किलोमीटर, रात्री मुक्काम, सकाळी पुढे. आईच्या गुडघ्यांमुळे गाडीत संडास मात्र हवाच. परत गेलेल्यांपैकी कोणी सांगेल का?

घोडबंदर रोडहून

अरे, चारशेचा आकडा आधी खोड. कोकणात त्या मापाने जाशील तर आईबाबा दिवसभर नुसते हलत राहतील.

गाडी पिवळ्या पाटीची घे आणि ऑल इंडिया टुरिस्ट परमिट बघून घे, नाहीतर गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्यावर बसावं लागेल. पांढऱ्या पाटीची स्वस्तात देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस, काही झालं तर विमावाले हात वर करतात.

खरी गोची संडासाची. तुमच्यासारखी टाकी रिकामी करायची ठिकाणं इथे वाटेत मिळत नाहीत. कॅसेट, म्हणजे बाहेर ओढून नेता येते तसली संडासाची छोटी टाकी, असेल तरच गाडी ठरव. ती लॉजच्या संडासात ओतता येते, पण विचारून. कोकणात बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक असतो आणि फॉर्मल्डिहाइडचं औषध त्यातले जंतू मारतं. साधं एन्झाइमचं वापर.

रस्ता मी म्हणेन पुणे-कोल्हापूरचा. निपाणीला हायवे सोडायचा, उत्तूर, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला उतरायचं. आंबोलीत रात्री स्वेटर लागतो.

आणि मग गाडी थांबव! मार्गशीर्षात सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा असतात. देवळाभोवती पालखी फिरते आणि मध्यरात्र उलटली की दशावतार सुरू होतो, तो उजाडेपर्यंत. गणपती नाचून जातो, संकासुर येऊन लोकांना हसवतो, तोवर बाजूच्या दुकानांत आलं-गुळाचं खाजं पुड्यांत बांधणं चालूच असतं. म्हातारी माणसं एरवी बाराला घरी परततात. तुझी आई कंटाळली तर शंभर पावलांवर आपल्या गादीवर आडवी होईल आणि राजाची तलवारबाजी लागली की बाबा तिला उठवतील. या एका रात्रीसाठी कॅम्परचं भाडं वसूल आहे. फ्लोरिडासारखं ऊन खायला काय, बाल्कनीत बसलं तरी चालतं.

नेरूळहून

काकांचं दशावताराचं पटलं, रस्त्याचं नाही. आईबाबांना पुण्याच्या ट्रॅफिकमधून कशाला न्यायचं? पनवेलजवळच्या पळस्प्याहून ६६ नंबरचा मुंबई-गोवा हायवे धर. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाची वळणं टळतात. फक्त शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी निघू नकोस, माणगावात अडकशील. नाताळ ते एकतीस तारीख तर नकोच.

दाभोळ-धोपावेची फेरी बोट मोह पाडेल, गाड्या घेतात. लांब गाडी असेल तर भरतीची वेळ विचारून जा. ओहोटीला उतार वाढतो आणि मागचं बूड घासतं. वाळूवर तर चाक घालूच नकोस, तिथे मग ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव.

एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. भाड्याच्या कॅम्परबरोबर बहुतेकदा ड्रायव्हर येतो. तो झोपणार कुठे? आमच्या गाडीत तो पहिल्या रात्री स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, दुसऱ्या दिवशी घाटात आम्हीच जीव मुठीत धरून. त्याच्या खोलीचे आणि जेवणाचे पैसे आधी ठरव आणि रात्री आठनंतर गाडी हलवायची नाही हेही.

टोरांटोहून

काका, ताई, गोकर्ण रद्द. आईला फोन केला होता, तिने कॅम्परचं काही विचारलंच नाही. जत्रा कोणत्या गावची, एवढंच. काका, तारखा कळल्या की कळवा, त्यावर गाडी ठरवतो. जाताना ६६ ने, येताना आंबोलीवरून, म्हणजे भांडण मिटलं. ड्रायव्हरसाठी सावंतवाडीत लॉज बघतोय, कॅसेट रिकामी करू देतील का हेही तिथेच विचारतो.