मदत हवी आहे : पोरं सगळ्याला हो म्हणतात, पण पकड करत नाहीत (कबड्डी)

घोटापकड_कळवा
मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. कबड्डीचा संघ शिकवतोय, तीन महिने झाले. पोरं मेहनती आहेत. वेळेच्या आधी येतात, मॅट स्वतः पुसतात. पण सरावात डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाला उभा राहून पकड करणारा पोरगा, चढाईपटूच्या घोट्याला हातच घालत नाही. चढाईपटू बोनसचा जादा गुण घेऊन आरामात मध्यरेषेकडे परत जातो आणि हा बघत उभा. दहा वेळा सांगितलं, दहा वेळा जमिनीवर पडून करून दाखवलं, माझी कोपरं सोलली. "समजलं का?" विचारलं की सगळे एका सुरात हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मागच्या आठवड्यात डोकं फिरलं, सगळ्यांसमोर कॅप्टनला झापलं. तेव्हापासून शुकशुकाट. कोणी माझ्या नजरेला नजर देत नाही.
सध्या घरी आलोय, दहा दिवसांनी परत जायचंय. काय करू? "संयम ठेवा" छाप सल्ले नकोत, तो संपलाय.

मासुंदा_काठ
परत कुठे जायचंय? मुलं किती वर्षांची? शाळा, क्लब, की एखाद्या कंपनीचा संघ?

पारसिक_मास्तर
वय काही का असेना. डावा कोपरा घाबरट असेल तर बदला. आमच्या वेळी पकड सुटली की मैदानाला वीस फेऱ्या. मातीत गुडघे फुटायचे, पण घोटा सुटत नव्हता. हे मॅटवरचं लाडावलेलं खेळणं आहे, दुसरं काही नाही.

लाल_मॅट
मास्तर, प्रत्येक धाग्यावर माती उकरायलाच हवी का? जगभरात सामने मॅटवर होतात. बीजिंगला १९९० साली कबड्डी एशियाडमध्ये आली त्याला किती वर्षं झाली मोजा.

पारसिक_मास्तर
मोजली. १९९० पासून पुरुषांची सलग सात सुवर्णपदकं आपली. आणि २०१८ ला जकार्तात उपांत्य फेरीत इराणने २७-१८ ने घरी पाठवलं. परदेशात जाऊन शिकवा अजून!

घोटापकड_कळवा
जपान. राहिलं सांगायचं. विद्यापीठाचा संघ, मुलगे, १८ ते २२.

मासुंदा_काठ
अहो, ही पहिल्या ओळीत सांगायची गोष्ट आहे. आम्ही इथे खारेगावची पोरं डोळ्यासमोर आणून बसलोय.

ऐरोलीची_वैशाली
मी ऐरोलीत एका जपानी कंपनीच्या ऑफिसात नऊ वर्षं आहे. त्यांचं "हाय" म्हणजे आपलं "हो" नव्हे. "ऐकतोय, पुढे बोला" इतकाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो. "समजलं का?" या प्रश्नाला "नाही" म्हणणं म्हणजे शिकवणाऱ्याला नीट सांगता आलं नाही असं म्हटल्यासारखं होतं, ते कोण म्हणेल? आमच्याकडे पहिल्या वर्षी एक अख्खा आराखडा याच हायवर चुकला होता. तेव्हापासून मी विचारतच नाही, "आता तुम्ही काय करणार ते सांगा" म्हणते.
दुसरं, डावा कोपरा कोणत्या वर्षाला आहे? आणि चढाई कोण करतं?

क्रिकेटवेडा_घोडबंदर
आपले मुंबईकर संदीप पाटील केनियाला गेले आणि २००३ च्या विश्वचषकात संघ थेट उपांत्य फेरीत! लालचंद राजपूत अफगाणिस्तानला गेले. त्यांना कुठे जपानी येत होतं? खेळाची भाषा एकच असते.

लाल_मॅट
केनियात इंग्रजी चालते हो. आणि न्यूझीलंड नैरोबीला खेळायला गेलंच नव्हतं, ते गुण फुकट मिळाले.

क्रिकेटवेडा_घोडबंदर
श्रीलंकेला हरवलं ते पण फुकटच का? कौतुक करायला जीभ जड होते काही लोकांची.

तिखटमीठ
धागाकर्ते, जेवणाचं काय करता? माझा भाचा तिकडे होता, प्रत्येक रश्शात मासळीचा अर्क असतो म्हणे. जाताना मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी न्या. भाजणी डब्यात नको, दुहेरी पिशवीत भरा.

घोटापकड_कळवा
तिखटमीठ, मी मासे खातो.
वैशालीताई, डावा कोपरा पहिल्या वर्षाला आहे. चढाई कॅप्टन करतो, चौथ्या वर्षाचा. पण याचा पकडीशी काय संबंध?

ऐरोलीची_वैशाली
सगळा संबंध तिथेच आहे, दादा. चौथ्या वर्षाचा तो सेनपाई, पहिल्या वर्षाचा कोहाई. कोहाई आधी येऊन मॅट पुसतो, सेनपाईला वाकून नमस्कार करतो, त्याच्याशी बोलताना क्रियापदंसुद्धा बदलतात. त्या पोराला तुम्ही सांगताय की सेनपाईचा पाय धरून त्याला सगळ्यांदेखत आपटा. सामन्यात समोरच्या संघाचा घोटा धरतो का तो?

घोटापकड_कळवा
थांबा. हो, धरतो. एका सराव सामन्यात तीन पकडी होत्या त्याच्या. मला वाटलं नशीब.

पारसिक_मास्तर
हा कसला खेळ? आखाड्यात उतरल्यावर बापालासुद्धा पाडायचं असतं.

विटाव्याचा_पंच
मास्तर, आपल्याकडेही मंडळाच्या सरावात मोठ्या दादाच्या घोट्याला नवं पोरगं जपूनच हात घालतं, उगाच कशाला. आपण फक्त ते बोलून दाखवत नाही. माझा उपाय सोपा : स्वतः चढाईला उतरा. पहिल्या वर्षाच्या पोरांना तुम्हाला पकडू द्या. हवं तर शनिवारी संध्याकाळी आमच्या मैदानावर या, आधी तुमचा दम तपासू. तीस सेकंद टिकलात तरी खूप.

घोटापकड_कळवा
गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं. जमिनीवर पडून दाखवणं वेगळं, चढाई वेगळी.

शेवंती_ठाणे
गुडघ्याला एरंडेल तेल गरम करून लावा, वरून रुईचं पान. आमच्या सासूबाईंचा अनुभव आहे.

मासुंदा_काठ
एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. तुम्हाला जपानी येतं का? नसेल तर तुमचं बोलणं पोरांपर्यंत कोण पोचवतं?

घोटापकड_कळवा
मला चाळीसेक शब्द येतात. बाकी कॅप्टन करतो. त्याचं इंग्रजी बरं आहे.

मासुंदा_काठ
म्हणजे "कॅप्टनचा घोटा धर" हे त्या पोराला रोज खुद्द कॅप्टनच सांगतो?

ऐरोलीची_वैशाली
आणि मागच्या आठवड्यात तुम्ही कॅप्टनला झापलंत, तेही त्यानेच जपानीत सांगितलं??

घोटापकड_कळवा
हो. मी एक वाक्य बोललो की तो वळून पोरांना सांगायचा. मी थांबलो की तो थांबायचा. शेवटी पोरांकडे तोंड करून कमरेत वाकला, बराच वेळ तसाच होता. मला वाटलं, चला, मनावर घेतलं.
आत्ता लिहिताना कानशिलं तापलीत माझी.

लाल_मॅट
अरे देवा.

पारसिक_मास्तर
पोरगा खानदानी आहे पण. शेवटपर्यंत भाषांतर सोडलं नाही. आवडला आपल्याला.

लाल_मॅट
मास्तर, तुम्ही इराणचं काढलंत म्हणून सांगतो. त्याच २०१८ ला इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना अंतिम सामन्यात २७-२४ ने हरवलं, त्यांच्या प्रशिक्षक शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. त्या तिथे जाऊन फारसी शिकल्या, योग आणि प्राणायाम सरावात आणला. यांनी निदान मैदानावरचे शब्द तरी शिकावेत. आणि जपान काही नवखा नाही, २०१० ला ग्वांगझूत पुरुषांचं कांस्य घेतलंय त्यांनी.

ऐरोलीची_वैशाली
दादा, माझं ऐका. एक, कॅप्टनला आजच वेगळा मेसेज करा, माफी मागा. सगळ्यांसमोर नको, त्याला अजून अवघडल्यासारखं होईल. दोन, उपायही त्यालाच विचारा. नव्या पोराला परवानगी तोच देऊ शकतो, तुम्ही नाही. तुम्ही पाहुणे आहात, तो घरातला थोरला आहे. तीन, भाषांतराला दुसरं कोणी बघा, शक्यतो संघाबाहेरचं.

विटाव्याचा_पंच
+१. आणि घोटा, साखळी, बाद हे शब्द मराठीतच शिकवा. तिथे भाषांतर नको आणि सेनपाईही नको.

घोटापकड_कळवा
अपडेट. रात्री नऊला मेसेज केला. तिकडे साडेबारा वाजले होते, तरी चार मिनिटांत उत्तर आलं. आधी तीन ओळी त्याचीच माफी, माझं भाषांतर कमी पडलं म्हणून. मग मी घोट्याचं सरळ विचारलं. बराच वेळ काही नाही. मग आलं : "मी त्याला सांगेन. पण तुम्ही इथे नसताना सांगितलेलं बरं. तुम्ही किती दिवसांनी येणार?"
दहा दिवस म्हणालो. तर विचारतोय, "बारा चालतील का?"

विटाव्याचा_पंच
चालतील म्हणा. आणि शनिवारी या मैदानावर, नुसते बसायला.

तिखटमीठ
बारा दिवस असतील तर भाजणी ताजी दळून मिळेल. नौपाड्यात सांगून ठेवू का?