बालशिबिरासाठी परदेशी, सहकुटुंब मिशन ट्रिप : अनुभव लिहा

सुईदोरा
काल माळा आवरताना एक पिवळा टीशर्ट सापडला. पाठीवर बालशिबिराचं बोधचिन्ह, खांद्यावर कुणाच्या तरी रंगात बुडवलेल्या पंजाचा निळा ठसा. मग आवरणं राहिलं बाजूला.

चर्चतर्फे आम्ही घरचे सगळे केनियाला गेलो होतो, तिथल्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) सुट्टीतल्या बायबल शाळेत मदतीला. मुलगी खेळ घेणार, मुलगा गिटार वाजवणार, माझ्याकडे हस्तकला आणि नवऱ्याकडे 'लागेल ते'. त्या 'लागेल ते'मधे बायबलच्या गोष्टीतला, योनाला गिळणारा मासाही निघाला. घरात टीव्हीचा आवाज जरा वाढला तरी कपाळाला आठ्या घालणारा हा माणूस करड्या चादरीत शिरून पोरांच्या मागे तोंड वासून धावत होता.

निघायच्या आदल्या रात्री कुणीतरी आठवण केली की केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. आणि माझे मणी रंगवार पिशव्यांतच भरलेले! घरातले धुतलेले मोजे गोळा केले. लाल मणी नवऱ्याच्या ऑफिसच्या मोज्यात, हिरवे लेकाच्या फुटबॉलच्या मोज्यात. तिथे टेबलावर एकेक मोजा उलटा करायला लागले तर पोरांना वाटलं हाच आजचा खेळ. पुढच्या मोज्यातून कुठला रंग निघणार यावर पैजा. ब्रेसलेटं राहिली बाजूला.

खरं सांगायचं तर आम्ही नसतो तरी शिबिर झालंच असतं. तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षिकांनी सगळं आधीच उभं केलं होतं. एक बाई बाळ पाठीला बांधून, तोंडात शिट्टी धरून शंभरेक पोरांच्या रांगा लावायची आणि मधेच मला नजरेने दटावायची, कात्र्या मोजून परत घे म्हणून.

तुमच्यापैकी कोण कोण गेलंय? लिहा.

अर्धा कप
मोजे 😂😂 कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

सोप्रानो
आम्ही महिनाभर घरात ॲक्शन साँगचा सराव करून गेलेलो. खालच्या मजल्यावरचे वैतागले होते. तिथे दुसऱ्या कडव्याला मुलींनी आपणहून वरचा नि खालचा सूर लावला, कुणी न सांगता. आमच्या क्वायरला वर्षभर घासूनही तो खालचा सूर जमत नाही (आल्टो मंडळी, वाचत असाल तर माफ करा). त्यानंतर आम्ही मागच्या रांगेत उभं राहून फक्त हातवारे केले.

तिसरा बाक
सुईदोरा, ते मणी म्हणजे बिनशब्दांच्या पुस्तकाचेच रंग ना? (नुसती रंगीत पानं, एकेका रंगावरून बायबलची शिकवण सांगायची.) मूळ कल्पना इंग्लंडचे धर्मोपदेशक स्पर्जन यांच्या १८६६च्या प्रवचनातली. तेव्हा रंग तीनच होते, काळा, लाल, पांढरा. सोनेरी अमेरिकेतले धर्मोपदेशक मूडी यांनी १८७५मधे आणला, हिरवा त्यानंतरचा.

आमचं शिबिरही आफ्रिकेतच होतं. तयारीच्या बैठकीत भाचीने विचारलं, "काळा म्हणजे पाप, हे आपण त्या मुलांना सांगणार आहोत का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पोरगी नववीत होती तेव्हा. पाळकसाहेब आधी म्हणाले, परंपरा आहे, राहू दे. पुढच्या बैठकीला स्वतःच राखाडी मणी घेऊन आले. गोष्ट सांगताना आम्ही त्याला धुकं म्हटलं.

सुईदोरा
हो तेच रंग! काळा आमच्याही पाकिटात होता. तिथल्या बाईंनी काही न बोलता तो डबा टेबलाखाली सरकवला होता. का ते आत्ता कळतंय.

रोखठोक
सगळं गोड आहे, पण एक प्रश्न. अख्ख्या कुटुंबाच्या विमानाच्या तिकिटांचे पैसे त्या शिक्षिकांनाच पाठवले असते तर?

तिसरा बाक
आला हा. वाटच बघत होतो.

सुईदोरा
प्रश्न रास्त आहे, आमच्या घरीही झाला. मी गेले ते माझ्या पोरांसाठी, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. त्या मंडळीला आता दरवर्षी शिबिराचे पैसे जातात आणि त्या बाई स्वतः हिशेब पाठवतात, पेन्सिलीच्या डझनांसकट. न जाता पाठवले असते का? माहीत नाही. बहुतेक नाही.

वाटसरू
रोखठोक यांच्याशी अर्धा सहमत. माझा आक्षेप अनाथाश्रमांच्या सहलींना आहे. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून आईबाप असलेली मुलंही काही ठिकाणी आणून ठेवतात. ऑस्ट्रेलियाने २०१८मधे याला आधुनिक गुलामगिरीचा प्रकार मानलं. आमच्या मंडळीने तेव्हापासून एकच नियम केलाय, संध्याकाळी मुलं आपापल्या घरी जातात अशाच शिबिरांना जायचं. शिवाय जाणाऱ्या प्रत्येकाचा पोलिस दाखला, आणि एकट्या मोठ्याने एकट्या मुलाबरोबर थांबायचं नाही, शौचालयापर्यंत न्यायचं असलं तरी दुसरं कुणी बरोबर हवं. मुलांचे चेहरे फेसबुकवर नाहीत. आमच्या सासूबाईंना हा शेवटचा नियम फार जड गेला.

सोप्रानो
+१. आमच्याकडेही फोन सकाळी टोपलीत जमा. पहिल्या दिवशी हात शिवशिवत होते.

डोंगरवाट
आम्ही नेपाळला गेलेलो. तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून चर्चची उपासनाही शनिवारीच. आमच्या कार्यक्रमात समारोप रविवारी! कागद बघून तिथले पास्टर हसले, म्हणाले, रविवारी मुलं शाळेत असतील, तुम्ही बाकांना गोष्ट सांगा. रात्रीत सगळं फिरवलं.

धर्मांतर करवणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे काय बोलायचं हे पूर्णपणे तिथल्या लोकांवर सोपवलेलं. आमच्याकडे खेळ आणि नाटुकली. दुभाषी दादा कमाल होता. बायबलमधल्या जक्कयची गोष्ट होती, तो येशूला बघायला झाडावर चढतो ती. मी म्हटलं, "जक्कय झाडावर चढला." तो टेबलावर चढला, तिथून खुर्चीवर, मग खिडकीच्या गजांना लटकून गर्दीत येशूला शोधायला लागला. माझं एक वाक्य, त्याची पाच मिनिटं. निम्मी गोष्ट दुसऱ्या दिवसावर गेली.

अर्धा कप
आले. कुकर झाला, पण आता धाकट्याचा अभ्यास. आमची ट्रिप तिकिटं काढूनही रद्द झाली, कारण पासपोर्टला सहा महिने शिल्लक नव्हते. बास, एवढाच माझा अनुभव 🙈

गोळी वेळेवर
केनियाचा विषय आहे म्हणून लिहितो, पेशाने डॉक्टर आहे. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. २०१६पासून ते आयुष्यभर चालतं, जुनं कार्ड फेकू नका. मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही घ्यायच्या असतात, डॉक्सीसायक्लिन असेल तर ४ आठवडे. लोक विमानातून उतरले की गोळ्या विसरतात आणि मग ताप घेऊन येतात. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना डॉक्सी नको, त्यांच्यासाठी वेगळी औषधं आहेत, आपल्या डॉक्टरांना विचारा.

अर्धा कप
डॉक्टर, आता विचारतेच आहे तर, लेकाच्या कानात विमान उतरताना फार दुखतं. काय करू?

गोळी वेळेवर
उतरताना जागं ठेवा, घोट घोट पाणी प्यायला द्या. सर्दी असेल तर आधी दाखवून घ्या.

डोंगरवाट
गिटारवाले, विमानात तारा सैल करून नेलीत का? पुढच्या वेळी न्यायची आहे.

सुईदोरा
लेकाला विचारलं. थोड्या सैल कर म्हणतो, पूर्ण नको. आणि शक्य असेल तर युकुलेली ने म्हणे, पोरांच्या हातात मावते.

सोप्रानो
खेळांचं पण लिही ना. रंगीत पॅराशूट (पोरं काठाला धरून वरखाली हलवतात ते मोठं गोल कापड) नेलं होतं का? आम्हाला सामानात जड झालं.

सुईदोरा
विकतचं नाही, जुन्या चादरींचं. त्रिकोणी पट्ट्या कापून मशीनवर दुहेरी शिवण घातली. मधे वाटीएवढं भोक ठेव, नाहीतर हवा अडकते आणि ते डोक्यावर घेऊन पोरं पडतात. काठाला पकडायला जाड नाडीचे फासे लाव, आणि ते चांगले पक्के, कारण सगळ्यात धाकटी दोघं-तिघं हमखास त्यांना लोंबकळतात.

सोप्रानो
चादरी सुती की पॉलिस्टर?

सुईदोरा
पॉलिस्टर. हलकं, आणि लगेच वाळतं.