स्नॅपड्रॅगनच्या पानांमागे तपकिरी ठिपके, रोपं वाचतील का?

ओंजळ:
नमस्कार मंडळी, पुण्यात राहते, गॅलरी पूर्वेला, सकाळी चारेक तास ऊन येतं. डिसेंबरात नर्सरीतून स्नॅपड्रॅगनची तीन रोपं आणली (नर्सरीवाले डॉग फ्लॉवर म्हणतात), फुलांनी नुसती लगडलेली. लेक तर फूल दोन्ही बाजूंनी दाबून त्याचं तोंड उघडमीट करत बसायची. आता फुलं संपली, दांडे आडवे पडलेत, खालची पानं पिवळी पडतायत आणि पान उलटं केलं तर बारीक तपकिरी ठिपके, हात लावला की बोटाला भुकटी लागते. पाणी रोज संध्याकाळी झारीने वरूनच घालते. प्लीज सांगा, फार जीव लागलाय यांच्यावर.

तगर:
ताई, भुकटी लागतेय म्हणजे हा तांबेराच. बुरशी आहे ती, पानं रात्रभर ओली राहिली की तिचं फावतं, त्यामुळे आधी ती संध्याकाळची झारी बंद करा. पाणी सकाळी, फक्त मातीत, आणि वरची माती पेरभर सुकली असेल तरच. ठिपक्यांची पानं खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. कुंड्या एकमेकींना चिकटून असतील तर लांब करा, वारा खेळला पाहिजे. एखादं रोप फारच भरलं असेल तर सरळ उपटा, वाईट वाटतं पण बाकीची दोन वाचतात. आणि निंबोळी तेल माव्यावर (रस शोषणारी बारीक कीड) ठीक आहे, तांबेऱ्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

गच्चीवरची_नाशिक:
+१. जे रोप बरं आहे त्याचे संपलेले तुरे कापा, पण नुसता शेंडा नाही, खाली पानांच्या बगलेत बारीक फुटवे दिसतील त्यांच्या जरा वर कापा. बी धरायला लागलं की झाड फुलं द्यायचं थांबतं. मग मूठभर गांडूळखत. युरिया नको, पानंच माजतात. थंडी आहे तोवर परत फुलेल, मी दरवर्षी करते.

तगर:
पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बी लावून बघा, नवीन मातीत. बी खसखशीपेक्षा बारीक असतं, वरून माती टाकू नका, उगवायला उजेड लागतो, नुसतं दाबायचं आणि स्प्रेने ओलं ठेवायचं, दहा-चौदा दिवसांत उगवतं. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. इथेच सगळ्यांचा हात थरथरतो, पण न खुडलेलं रोप एकच दांडा काढतं आणि तुमच्या रोपांसारखं आडवं पडतं. आठ इंची कुंडीला बुटकी जात घ्या.

ओंजळ:
खूप खूप आभार! एक रोप काढलं, दोन कापली. आठवडा झाला, खालून फुटवे आलेत, रोज सकाळी पानं उलटी करून बघते, अजून तरी स्वच्छ आहेत. उन्हाळ्यात टिकतील का?

गच्चीवरची_नाशिक:
मार्चनंतर आशा नका ठेवू, गरमी सोसत नाही त्यांना. पण शेवटचे एक-दोन तुरे कापू नका. बोंड वाळलं की त्याला भोकं पडतात आणि ते हुबेहूब कवटीसारखं दिसतं, लेकीला दाखवा.