तोंडाचा कॅन्सर टाळणं हे रुग्णगटांचं काम आहे का?

आडवळणी: नळीने अन्न कसं द्यायचं, आखडलेल्या जबड्याला कोणता व्यायाम द्यायचा, हे रुग्णगटांइतकं नीट कुणी सांगत नाही. पण प्रतिबंधही त्यांनीच करायचा? कर, जाहिरातबंदी, पाकिटावरची चित्रं ही सरकारची कामं. जागतिक तंबाखू नियंत्रण करार 2005 पासून लागू आहे, तो राबवा की!

तिसरी घंटा: सरकार आपणहून हलतं होय? कंपन्यांपासून धोरण वाचवायला त्याच करारात कलम 5.3 घालावं लागलं. जीभ गमावलेला माणूस समोर बसून अडखळत बोलतो, तेव्हा फाइल हलते.

आडवळणी: फाइल हलेल, सवय नाही. काकांना अशाच एका कार्यक्रमाला नेलं होतं. शिवलेला गाल बघून हळहळले, बाहेर येताच सुपारी तोंडात. वर मलाच म्हणाले, ‘मी कुठे तंबाखू खातो?’

टॉर्चवाली: आमच्या गटाने असे चेहरे दाखवणं बंद केलं, ते याचसाठी. लोक घाबरतात आणि ‘आपलं तसं नाही’ म्हणून मोकळे होतात. आता आरसा आणि टॉर्च नेतो. गालाच्या आत, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तीन बोटं उभी तोंडात जातात का? तिथे काकांसारखे गप्प होतात, कारण दोनच जातात. मग सुपारीचं सांगता येतं: तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक, हे आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, 2004 मध्येच नोंदवलंय.

तिसरी घंटा: तिरुअनंतपुरमच्या चाचणीत आरोग्य कर्मचाऱ्यांनी नुसती डोळ्यांनी तोंडं तपासली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांतले या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले. 2005 मध्ये निष्कर्ष आले.

आडवळणी: ते प्रशिक्षित होते, टॉर्च घेतलेले हौशी नव्हेत. आणि रोग लवकर सापडणं म्हणजे टळणं नव्हे.

टॉर्चवाली: चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे हो. तंबाखू सुटली तर कित्येक पांढरे चट्टे मागे फिरतात. सुपारीने आखडलेलं तोंड मात्र पूर्ववत होत नाही, म्हणून तिथे घाई. निदान आम्ही करतच नाही, दंतवैद्याकडे सोबत जातो. एकटा माणूस जात नाही, महिनोन्‌महिने ‘दात लागला असेल’ म्हणत बसतो.

आडवळणी: सोबत जाता हे मान्य. पण गटाचा खर्च औषध कंपनी उचलत असेल, तर सुपारीवर बोलायला उद्या किती वेळ उरेल?

टॉर्चवाली: आम्ही वर्गणीवर चालतो. म्हणून टॉर्च दोनच आहेत.