विषय: शनिवारच्या भूगोल वर्गाचे नियम – मसुदा पाहून कळवा

मंडळी, नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या शाळेत सातवी-आठवीला जगाचा भूगोल ऑनलाइन शिकवायचं ठरलंच आहे. शनिवारी त्यांची सकाळची शाळा, म्हणून वर्ग साडेआठला. आपल्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तेव्हा शुक्रवारी रात्रीचे अकरा. चहा आपापला करून बसा!

नियम कुठून आणले ते आधीच सांगून टाकते. माझ्या लेकाच्या शाळेतून पहिल्या दिवशी आईबापांच्या सहीसाठी कागद आला होता, तोच समोर ठेवला. फाइल आणि रंगीत पेन्सिली दर वर्गाला हव्यात. दर आठवड्याला नकाशाची चाचणी, गुण कमी पडले तर एकदा पुन्हा देता येईल. गृहपाठ दिवसभर उशिरा आला तर 10 टक्के गुण कमी, आठवड्यानंतर घ्यायचाच नाही. तीनदा गैरहजर राहिलं की घरी फोन.

कळवा.
– वर्ग-समन्वयक

--------

ताई, नमस्कार.

मसुदा स्टाफरूममध्ये वाचला. स्टाफरूम म्हणजे एक टेबल अन् पोषण आहाराच्या तांदळाची पोती.

फोनचा नियम काढा. दिवाळीच्या आगंमागं कापूस वेचाई सुरू होते. मजुरी किलोवर, म्हणून सगळं घर वावरात. फोन बापाच्या खिशात, बाप वावरात, अन् पोरगं त्याच्या बाजूच्याच तासात – पऱ्हाटीच्या, भूगोलाच्या नाही. गुण कापून ते परत येत नाही, उलट डिसेंबरात यायचं तेही लाजेनं येत नाही.

त्या आठवड्यांत गृहपाठच कापसाचा द्या ना. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, अन् वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 ला नागपुरात रेल्वे आली. आमच्या दारव्ह्यावरून शकुंतला गाडी कापूसच नेत होती, आता रूळांवर गवत आहे. पोट्ट्यांना हे आजोबाला विचारून लिहू द्या. यात जग येते की नाही सांगा.

पण एका गोष्टीत तुमच्यापेक्षा कडक राहीन. राजधान्यांची चाचणी नको. पाठांतरात आमची पोरं पटाईत, उलानबातर झोपेत सांगतील. यवतमाळ कोणत्या दिशेला विचारा, तर खिडकीकडं पाहतात. नकाशा हातानं काढायचा, छापील चिकटवला तर शून्य.

तुमच्या ॲटलासातला भारत पडद्यावर लावू नका. काश्मीरच्या सीमा तुटक रेषेत असतात, शाळेत भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा चालतो. मर्केटरचा जगाचा नकाशाही भिंतीवर कायमचा नको. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसते. आफ्रिका खरं म्हणजे त्याच्या चौदापट. एक पृथ्वीगोल पाठवता आला तर बरं.

– तुमचा तिकडचा मास्तर

--------

मास्तर, मीही अकोल्याचाच, वेचाई मलाही माहीत आहे. पण मुदतच नसली तर रात्री अकराला जागून शिकवणारे दोन महिन्यांत गळतील. थोडी शिस्त ठेवा बुवा.
– खजिनदार

--------

दादा, मुदत ठेवा. फक्त ती आठवड्याची नको, पिकाची ठेवा. पोळ्याच्या आधी एक, दिवाळीच्या सुट्टीआधी एक, वेचाई सरल्यावर एक. उशिरा आला तर गुण कापू नका, समोर उभं राहून वाचून दाखवायला लावा. आमच्या पोरांना ते 10 टक्क्यांपेक्षा जड जाते.

सावलीचा प्रयोग करू म्हणत होतो, पण निसर्ग काही शाळेचं वेळापत्रक पाहत नाही. मे महिन्यात दुपारी सावली पायाखाली जाते तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, जुलैत तेच पुन्हा होते तर आभाळ भरलेलं. म्हणून झेंड्याच्या खांबाची सावली दर महिन्याला मोजून वहीत लिहायची, एवढा एक नियम माझ्याकडून घाला.

– मास्तर

--------

मास्तर, खजिनदारांसह सगळ्यांना पटलं. नवा मसुदा रविवारी टाकते. पृथ्वीगोल नागपूरहून मागवू, इथून पाठवण्यापेक्षा स्वस्त. एक लक्षात ठेवा: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही घड्याळं एक तास मागे घेतो. तुमचे साडेआठ तेच, आमचे अकराचे दहा होतील.
– समन्वयक

--------

ताई, हे कालच वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला: "सर, आपल्याकडं काहून नाही करत असं? वेचायला जायच्या आधी एक घंटा जास्त झोपता येईन."

उत्तर तुम्हीच द्या, पहिला पाठ त्याचाच घ्या.
– मास्तर