मदत हवी आहे: ९ वर्षांच्या लेकीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचं पहिलं किट कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

लेक ९ वर्षांची आहे आणि खेळणं हातात आलं की आधी त्याचे स्क्रू कुठे आहेत ते बघते. परवा बंद पडलेल्या रिमोटच्या गाडीतली मोटर तिने काढली, पेन्सिल सेलला दोन वायरी धरून फिरवली, आणि सेल उलटा केला की मोटरपण उलटी फिरते हे तिचं तिनेच शोधलं. मग त्याच गाडीतला सुटा झालेला लाल एलईडी लावून बघितला तर तो कुठल्याच बाजूने लागेना, दोन सेल जोडल्यावर एका बाजूने लागला आणि उलटा केला की परत बंद. त्या दिवसापासून मागे लागली आहे, की मोटरला दोन्हीकडून चालतं मग याला का नाही, आणि एका सेलवर मोटर फिरते तर एवढासा लाईट का लागत नाही. मला शाळेतला ओहमचा नियम सोडला तर यातलं फार काही येत नाही, जेवढं शोधून सांगता आलं तेवढं सांगितलं, पण तिचं समाधान झालेलं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

तर आता तिला रीतसर किट घेऊन द्यायचं ठरवलं आहे आणि तिथेच अडकायला झालंय. एक ते बटणासारखे टचटच बसणारे तुकडे असतात ते स्नॅप सर्किट, दुसरं ब्रेडबोर्ड (भोकांची पाटी, जिच्यात पार्टचे पाय नुसते खुपसून सर्किट जोडायचं) आणि सुटे पार्ट, तिसरं मायक्रोबिट किंवा अर्डुइनो म्हणजे ज्यात प्रोग्रॅम लिहायचा ते छोटे बोर्ड, आणि चौथं सोल्डरिंग (गरम सळईने धातू वितळवून पार्ट जोडणं) करून काहीतरी एकच वस्तू बनवायचं. खोक्यावर 'शंभर प्रयोग' असं छापलेलं असतं पण यादी वाचली की लक्षात येतं, सर्किट तेच, फक्त स्विचच्या जागी कधी पाण्याचा थेंब आणि कधी लोहचुंबक. आमची पोरगी पुस्तकात दिलंय तसं दोन वेळा करेल आणि तिसऱ्या वेळी 'हे काढून ते लावलं तर' हेच करणार, आणि मला तेच हवं आहे. म्हणजे माझा खरा प्रश्न असा आहे की कुठल्या किटमध्ये पुस्तक बाजूला ठेवूनही खेळता येतं आणि चुकीचं जोडलं तरी फार काही बिघडत नाही?

अजून एक, घरात धाकटा अडीच वर्षांचा आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. त्यामुळे बारीक पार्टची धास्ती आहे. ज्यांनी मुलांसोबत हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, कुठून सुरुवात केली आणि मूल कुठे कंटाळलं.

प्रतिसाद १

पहिल्यांदा धाकट्याचं. बटण सेल, म्हणजे ते नाण्यासारखे चपटे असतात ते, ज्या किटमध्ये आहेत ते किट घेऊच नका. गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं, त्यात थांबून बघू असं काही नसतं, थेट हॉस्पिटल. तीन पेन्सिल सेल बसणारा, झाकणाला स्क्रू असलेला आणि स्विचवाला डबा घ्या, ४.५ व्होल्ट मिळतात आणि सुरुवातीला तेवढे भरपूर झाले. सेल साधे अल्कलाइन वापरा. रिचार्जेबल सेल शॉर्ट झाले, म्हणजे त्यांची दोन टोकं थेट एकमेकांना जोडली गेली, तर करंट खूप जास्त सोडतात आणि वायर पटकन तापते. लिथियमची बॅटरी या वयात नकोच.

आता किट. तुमच्या मुलीने जे प्रश्न विचारलेत ते बघता मी सरळ ब्रेडबोर्डकडे जाईन. स्नॅपवालं वाईट नाही, ५-६ वर्षांच्या मुलांना उत्तमच, पण त्यात एलईडीच्या तुकड्यात काही वेळा रेझिस्टर (करंटला अडवून कमी करणारा पार्ट) आतच बसवलेला असतो आणि मग नेमकं जे कळायला हवं तेच झाकलं जातं. एलईडी एकाच दिशेने करंट जाऊ देतो, आणि लाल असेल तर पेटायला साधारण दोन व्होल्ट लागतात, म्हणून दीड व्होल्टच्या एका सेलवर तो हलला नाही. मोटरमध्ये नुसती तांब्याची गुंडाळी आणि चुंबक, तिला दिशा बदलली की फिरणं बदलतं एवढंच. निळा किंवा पांढरा एलईडी आणा, त्याला तीनच्या आसपास व्होल्ट लागतात, म्हणजे दोन सेलवर लाल झकास आणि निळा मिणमिणता, हे तिला स्वतःला दिसू दे. आणि यापुढे एलईडी रेझिस्टरशिवाय लावू नका. ४.५ मधून २ गेले, उरले २.५, त्याला रेझिस्टरच्या २२० ओहमने भागलं की साधारण ११ मिलिअँपिअर, बास होतात.

ब्रेडबोर्डवर मुलं एकाच ठिकाणी हैराण होतात ते आधीच सांगतो. मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात, मधल्या खाचेच्या पलीकडची पाच वेगळी. पहिल्या वेळी एलईडीचे दोन्ही पाय त्याच पाचांत खुपसले जातात आणि मग काहीच लागत नाही. कडेच्या लांब ओळी प्लस-मायनसच्या, पण मोठ्या बोर्डावर काही वेळा त्या मध्यावर तुटलेल्या असतात, रंगाची रेघ तिथे खंडित दिसते. यावर अर्धा दिवस गेलेली मोठी माणसं मी बघितली आहेत.

पार्ट म्हणाल तर एलईडी वेगवेगळ्या रंगाचे, २२० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, पुश बटण, बझर, एलडीआर म्हणजे उजेड पडला की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो तो, एखादं पोटेन्शिओमीटर म्हणजे फिरवून रेझिस्टन्स कमी-जास्त करता येतो ते, बीसी५४७ ट्रान्झिस्टर म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा, आणि दोन-तीन कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारे. एलडीआर आणि ट्रान्झिस्टर मिळून अंधार झाला की आपोआप लागणारा दिवा होतो, आणि तो स्वतः जुळवला की पोरं उशीखाली घेऊन झोपतात. ५५५ टायमर ही चिप नंतर द्या, तो १९७० च्या दशकापासून आजही विकला जातो आणि त्याने लाईट लुकलुकवणं हा वेगळाच आनंद आहे, पण आठ पाय बघून सुरुवातीला गोंधळ होतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, थोडी भर घालते. मायक्रोबिट लगेच नको म्हणत नाही मी, पण दुसरी पायरी म्हणून ठेवा. बोर्डावरच २५ एलईडी, दोन बटणं आणि हलवलेलं कळणारा सेन्सर आहे आणि ब्लॉक जोडून प्रोग्रॅम होतो, त्यामुळे वाचता येणाऱ्या मुलाला भीती वाटत नाही. कॉम्प्युटरवर फुकट सिम्युलेटरपण मिळतो, बोर्ड घ्यायच्या आधी तिथे खेळवून बघा. मात्र तो ३ व्होल्टवर चालतो, त्याला ९ व्होल्टची बॅटरी जोडायची नाही. अर्डुइनोमध्ये टाईप करावं लागतं आणि एक सेमीकोलन राहिला तरी लाल अक्षरं येतात, नऊ वर्षांच्या मुलाचा मूड तिथेच जातो असा माझा अनुभव. सोल्डरिंगची सळई तीनशेच्या वर डिग्रीला तापते, ते तुम्ही शेजारी बसणार असाल तेव्हाच.

जुनी खेळणी उघडू द्या, सेलवर चालणारी. फ्लॅशवाला कॅमेरा, अॅडॅप्टर, टीव्ही यांना अजिबात हात नको. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बंद करून ठेवल्यावरही शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, एवढं उलगडून कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मोटरचं उत्तर तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, मग मोटर हाताने फिरवली तर वीज येईल का. मला माहीत नव्हतं, म्हणून तीच मोटर लाल एलईडीला जोडून बोटांनी जोरात फिरवून बघितली, काही लागलं नाही. आमचंच काही चुकतंय, की बोटांनी फिरवण्याचा वेगच कमी पडतोय?

ब्रेडबोर्ड आणि सुटे पार्ट नक्की केलेत, बारीक पार्टसाठी कप्प्यांचा डबा घेऊन तो वरच्या फडताळात ठेवणार आणि टेबलावर बसली की मीच काढून देणार. आता मल्टिमीटरबद्दल, म्हणजे व्होल्ट, करंट वगैरे मोजायच्या मीटरबद्दल विचारायचं आहे. वायर जोडली आहे की नाही ते बीप करून सांगणारा साधा मीटर सोबतच घ्यावा, की एवढी सगळी आकड्यांची चकती बघून ती बावचळेल? आणि घेतलाच तर करंट मोजायचं भोक टेप लावून बंद ठेवावं का, तिथून शॉर्ट होतं असं वाचलं.